रिंगणातलं 'आहे'

माझ्या नवऱ्याचं नेतृत्वावरचं भाषण मला झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन. कुठे थांबायचं, कुठे चष्मा काढून हातात धरायचा, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं मला पाठ आहे. लायल आमच्या केस्लर कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच. आता आमचा अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरायचा, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि एकमेकांच्या अंगावर धडका मारायच्या. यात पायाचं काम किती, हे मी लग्न झाल्यापासून विचारतेय आणि लायल दर वेळी चष्मा पुसत बसतो.

भाषणाचा गाभा एवढाच की, "मी हुकूम सोडत नाही, मी विचारतो. हुकूम माणूस मोडतो. स्वतःच्या तोंडाने दिलेला शब्द मोडायला त्याला लाज वाटते. जिंकणं तिथूनच सुरू होतं." हे तो ओमाहाच्या विमा कंपनीत सांगून आला, शाळांमध्ये सांगून आला, एकदा तर दंतवैद्यांच्या संमेलनात सांगून आला. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचे, खोटं कशाला बोलू.

विचारायची त्याची रीत ठरलेली होती. शनिवारी सामना, म्हणून शुक्रवारी दुपारी हलका सराव झाला की सगळी पोरं मैदानाच्या मधोमध एक गुडघा टेकून रिंगण करून बसायची. लायल मध्ये उभा. आठवड्यात ज्याला लागलंय त्याचं नाव तो घ्यायचा, पोरगा उभा राहायचा आणि लायल म्हणायचा, "उद्या आहेस ना?" पोरगा म्हणायचा, "आहे, कोच." मग सगळ्यांची मिळून एकच टाळी. न्यायाने बोलायचं तर डॉक्टरांनी ज्याला खेळायचं नाही म्हणून साफ बसवलं असेल त्याला लायलने कधीही उठवलं नाही. ज्याचं डॉक्टरांनी त्याच्यावरच सोडलंय, त्यालाच विचारायचं. आणि इतक्या वर्षांत त्या रिंगणात कुणी 'नाही' म्हणालं नव्हतं. लायलला याचा केवढा अभिमान, काय सांगू.

गावानेही ते उचललं. दुकानांच्या काचांवर 'आहे' अशा पाट्या लागल्या. बँकेचा मॅनेजर शनिवारी जादा कामासाठी कारकुनांना गोल उभं करून विचारायला लागला. आमच्या पाद्रीबुवांनी चर्चच्या छपरासाठी वर्गणीसुद्धा तशीच गोळा केली, भर प्रार्थनेत एकेकाला उठवून. म्हातारी मिसेस हाउझर तेव्हा जी रागावली ती अजून चर्चला आलेली नाही. आम्ही सगळे हसलो होतो तिला. माझ्याकडे तर छातीवर 'आहे' छापलेला जांभळा स्वेटशर्ट होता, तो घालून मी खुशाल बाजारात जात होते.

त्या नोव्हेंबरमध्ये शेवटचा सामना प्रुइटशी होता. जिंकलो तर राज्याबाहेरच्या फेरीत जाणार, हरलो तर घरी. गावाला दुसरा विषयच नव्हता. आणि आमच्या बचावाचा सगळा भार होता ट्रेंट वोलेकवर. समोरून पळत येणाऱ्याला अंगावर घ्यायचं आणि पाडायचं, हे त्याचं काम. मोठा गुणी पोरगा. आदल्या शनिवारी एकाला पाडताना त्याची मान अवघडली होती आणि उठल्यावर त्याचा उजवा हात थोडा वेळ नुसता लोंबत होता. डॉक्टरांनी तपासलं, विचारलं, तो म्हणाला ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तसं झालं तर खेळायचं नाही, झालं नाही तर तुझं तू ठरव.

मी कॉलेजच्या वाचनालयात काम करते. मंगळवारी ट्रेंट पुस्तक परत करायला आला. सही करायला त्याने पेन घेतलं आणि ते हातातून पडलं. उचललं, परत पडलं. मग तो हसला आणि डाव्या हाताने काहीतरी गिरगटलं.

"काय रे, हाताला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, मिसेस टी." पोरं मला असंच म्हणतात. "झोपेत अवघडला."

"शनिवारपासून झोपलाच आहेस का?"

तेव्हा तो जरा हसला आणि मागे कुणी नाही ना ते बघून हळूच म्हणाला, "सरावातही होतंय. धडक बसली की मानेपासून खाली आग जाते. मग हात काही वेळ माझा नसतो. आधी लगेच परत यायचा. आता येत नाही लवकर."

"डॉक्टरांना सांगितलंस हे?"

"त्यांनी विचारलं तेव्हा बरा होता."

"मग कोचला सांग. आत्ता जा. ऑफिसातच आहे तो."

"कोच विचारतीलच की शुक्रवारी," तो म्हणाला आणि दप्तर डाव्या खांद्यावर टाकून निघून गेला.

संध्याकाळी जेवताना मी लायलला सगळं सांगितलं. पेन, आग, सगळं. त्याने ऐकून घेतलं, माझं ऐकत नाही असं नाही. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. शुक्रवारी विचारतो."

"शुक्रवारी नको. उद्या एकट्याला बोलाव आणि विचार."

"आर्डिस, एकट्यात माणूस स्वतःपुरता विचार करतो. चारचौघांत तो चौघांचा करतो. फरक तोच तर आहे सगळा."

"मान त्याची एकट्याची आहे, लायल."

त्याने पावाला लोणी लावलं. अगदी कडेपर्यंत, नीट. "माझी पोरं माझ्याशी खोटं बोलत नाहीत," तो म्हणाला. "त्याला जमणार नसेल तर तो सांगेल. तेवढा विश्वास मी कमावलाय." या माणसाला प्रत्येक पोराच्या आईचं नाव माहीत असतं, कुणाच्या आजोबांच्या मयताला तो चार तास गाडी हाकत जातो. त्यामुळे मी वाद तिथेच सोडला. मी भांडी घासायला उठले.

गुरुवारी संध्याकाळी डोरीनच्या कॅफेत रेडिओचा कार्यक्रम असतो. कोपऱ्यातल्या टेबलावर माइक मांडून हर्ब बसतो, शेजारी लायल, आणि अख्खं गाव चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाटीत दालचिनीचा गोड रोल बुडवून खात ऐकतं. जे येऊ शकत नाहीत ते घरून फोन करतात आणि त्यांचा आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येतो. मी नेहमीसारखी खिडकीजवळ बसले होते.

"कोच, प्रुइटवाले म्हणतात ते आपल्याला नाश्त्याला खाणार," हर्ब म्हणाला.

"खाऊ देत. पचवता पचवता शनिवारची संध्याकाळ होईल त्यांची."

कॅफे हसला. मग कुणीतरी फोन करून विचारलं की, नवरा गॅरेज साफ करत नाही, काय करू? लायल म्हणाला, "बाई, त्याला त्याच्या मित्रांसमोर विचारा." पुन्हा हशा. मग हर्बने विचारलं, नेतृत्व म्हणजे काय, एका वाक्यात. लायलने चष्मा काढला. मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर म्हणत होते, हुकूम माणूस मोडतो, आणि तेवढ्यात पुढचा फोन लागला.

"कोच, ट्रेंट बोलतोय."

"कोण ट्रेंट?" हर्बने विचारलं.

"वोलेक."

कॅफेत कुणीतरी शिट्टी वाजवली. डोरीनने काउंटरवर थाप मारली. "अरे, वाघ बोलतोय. आवाज वाढव रे, हर्ब," कुणी म्हणालं.

"बोल, बेटा," लायल म्हणाला.

"कोच, उद्या तुम्ही मला रिंगणात उठवाल आणि विचाराल. मी 'आहे' म्हणेन. मला माहितीये मी म्हणेन. म्हणून आज सांगतोय, ते धरू नका. मी नाहीये. माझा हात जातोय. मला भीती वाटते."

सगळे स्पीकरकडे बघत होते आणि मग एकेक करून लायलकडे बघायला लागले. मी मनात म्हटलं, आता 'ठीक आहे, घरी झोप' एवढंच म्हण. एवढंच.

"ट्रेंट," लायल म्हणाला, "हे मला ऑफिसात येऊन का नाही सांगितलंस?"

"ऑफिसात तुम्ही विचारत नाही, कोच."

कुणीतरी खोकलं. लायलचे कान लाल झाले. मग त्याने तो आवाज लावला, दंतवैद्यांसमोर लावला होता तो. "हे बघ, बेटा. आज तू फोन केलास, त्याला हिंमत लागते. पण हे मला नाही, संघातल्या तुझ्या भावांना सांगायला हवं, त्यांच्या डोळ्यांत बघून. उद्या रिंगणात उभा राहा आणि सांग. तू 'नाही' म्हणालास तर पहिली टाळी मी वाजवीन. शब्द देतो."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती मोठ्या मनाचा माणूस, असं माझ्या शेजारची बाई मला म्हणाली. स्पीकरमधून ट्रेंटचा आवाज परत आला, पण टाळ्यांत बुडाला. मला मात्र ऐकू आला. तो म्हणत होता, "कोच, मी तेच सांगतोय, तिथे मला नाही म्हणता येणार नाही." तेवढ्यात हर्बने बियाण्यांच्या कंपनीची जाहिरात लावली. लायलनेही ऐकलं होतं. त्याने चिलीची वाटी पुढे ओढली आणि ती ढवळत बसला. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि मी उठले नाही, कारण मी उठले असते तर सगळ्यांनी बघितलं असतं.

पिकअपमध्ये बसल्या बसल्या मी तोंड सोडलं. "त्याने तुला आधीच उत्तर दिलंय. आता विचारतोस कशाला?"

"विचारलं नाही तर त्याचा अपमान होईल. सगळ्यांनी ऐकलंय. मी त्याला गुपचूप बसवलं तर जन्मभर तो रेडिओवरचा भित्रा राहील. तिथे उभा राहून नाही म्हणाला तर पोरं त्याला मानतील."

"आणि आहे म्हणाला तर?"

"नाही म्हणेल. मी वाट मोकळी करून दिलीय त्याला."

खरं सांगते, तो हे मनापासून म्हणत होता. लबाडी असती तर मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. पण त्याला खरंच वाटत होतं की, त्याने त्या पोरावर उपकार केलेत. मला त्याची लाज वाटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, राग किती वेळा आला असेल, पण लाज पहिल्यांदा वाटली, आणि ती सांगायची कुणाला तेही कळेना.

शुक्रवारी सकाळी डोरीनच्या दारातल्या फळ्यावर 'आम्ही आहोत' या ओळीखाली कुणीतरी खडूने 'बहुतेक' असं लिहून ठेवलं होतं. पेट्रोल भरायला थांबले तर पंपावरचा माणूस म्हणाला, "काय, वोलेकला बरं वाटलं का? माझा मेहुणा तुटक्या बोटाने कापणी करतो." वाचनालयात दोन मुली ट्रेंटच्या आवाजाची नक्कल करत होत्या, मला भीती वाटते, मला भीती वाटते. मी त्यांना गप्प केलं. परत येताना तो फळा बाहीने पुसला. डोरीन आतून बघत होती, तिने मान खाली घातली.

दुपारी मैदानाच्या कुंपणाशी निम्मं गाव जमलं होतं. एरवी शुक्रवारी तिथे कुत्रं फिरकत नाही. वारा बोचरा होता. पोरं गुडघा टेकून बसली, लायल मध्ये उभा राहिला. आधी त्याने दुसऱ्या दोघातिघांना विचारलं. आहे, कोच. टाळी. आहे, कोच. टाळी. मग तो ट्रेंटसमोर येऊन थांबला आणि मला वाटलं, अजूनही सोडून देईल. मी जाळीला धरून उभी होते.

"वोलेक."

ट्रेंट उभा राहिला. उजवा हात त्याने कमरेच्या पट्ट्यात अडकवून ठेवला होता, लोंबताना दिसू नये म्हणून.

"सगळ्यांनी काल ऐकलंय," लायल म्हणाला. "इथे कुणीही तुला बोल लावणार नाही. जे खरं असेल ते सांग. उद्या आहेस ना?"

ट्रेंटने आजूबाजूला बघितलं. गुडघ्यावर बसलेल्या पोरांकडे, मग कुंपणाकडे, आम्हा सगळ्यांकडे. मी नजर चुकवली.

"आहे, कोच," तो म्हणाला.

टाळी पडली. नेहमीपेक्षा मोठी. पोरं त्याच्या पाठीवर हात मारायला लागली आणि एकाने त्याच्या त्याच खांद्याला धरून हलवलं. ट्रेंटचा चेहरा पांढरा झाला, पण तो हसत राहिला. कुंपणाशी माणसं ओरडत होती. पंपावरचा माणूसही होता. लायल मात्र हलला नाही. पुढचं नाव घ्यायच्या ऐवजी तो ट्रेंटच्या त्या पट्ट्यात खोवलेल्या हाताकडे बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की ओरडणं आपोआप थांबलं.

"ट्रेंट, हे खोटं आहे," लायल म्हणाला.

"हो, कोच."

"मग का म्हणालास?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

त्याने ते रागाने म्हटलं नाही. वर्गात उत्तर द्यावं तसं म्हटलं. लायलने टोपी काढली. वाऱ्याने त्याचे उरलेसुरले केस उभे राहिले आणि तो मला एकदम म्हातारा दिसला. तो काहीतरी बोलायला गेला, मला वाटतं भाषणातलंच काही असावं, कारण हात चष्म्याकडे गेला होता. मग हात खाली आला.

"तू उद्या खेळणार नाहीस," तो म्हणाला. "हे मी विचारत नाहीये."

ट्रेंट मटकन खाली बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा पोरगा, सगळ्या गावासमोर. कुणी टाळी वाजवली नाही, आणि वाजवीन म्हणणाऱ्यानेही नाही. लायलने बाकीची नावं घेतलीच नाहीत. जा म्हणाला पोरांना, आणि स्वतः आधी निघून गेला. कुंपणाशी जमलेली माणसं गाड्यांकडे वळली.

मी पिकअपमध्ये बसून वाट बघितली. तो येईना म्हणून उतरून आत गेले. त्याच्या ऑफिसबाहेरच्या बोळात पोरं उभी होती, भिंतीला टेकून, एकामागे एक. सगळ्यात पुढे आमचा कप्तान, दुखऱ्या घोट्यावर भार न देता उभा. त्याच्यामागे आडदांड हॉस्टेटलर, त्याने दोन्ही हात पोटाशी धरलेले. त्याच्यामागे आणखी, वळणापर्यंत. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला बघून त्यांनी टोप्या काढल्या आणि वाट दिली.

लायलने आतून दार उघडलं, कुणाला तरी बाहेर सोडायला. त्याची नजर त्या रांगेवरून वळणापर्यंत गेली. त्याला वाटलं असावं दोघेतिघे असतील. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मला ते बघायला नको होतं. त्याने दार परत लावून घेतलं. आम्ही सगळे त्या बंद दारासमोर उभे राहिलो. पोरं जराही हलली नाहीत, त्यांना वाट बघायची सवयच होती. मग दार उघडलं आणि तो कप्तानाला म्हणाला, "ये. बस. आणि दार लावून घे."

शनिवारी आम्ही प्रुइटकडून वाईट हरलो. लोक सभ्यपणे वागले, म्हणजे आमच्याशी बोलले नाहीत. ओमाहाहून वसंतातल्या भाषणासाठी फोन आला, तो मीच घेतला आणि नाही म्हणून सांगितलं. पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी रांग संपेपर्यंत मी बोळातल्या बाकावर बसून होते. शेवटचा पोरगा गेल्यावर लायल बाहेर आला आणि आम्ही पिकअपपर्यंत चालत गेलो. चालवायच्या जागेवर मीच बसले.

तो समोरच्या काचेतून रिकाम्या मैदानाकडे बघत होता.

"आर्डिस," तो म्हणाला, "मला वाटायचं, ते माझ्यामुळे 'आहे' म्हणतात."

"तुझ्यामुळेच म्हणायचे, लायल," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि मी गाडी सुरू केली.